वकिलीची सनद मिळाली, पुढची तीन वर्षे कशी काढायची?
(लोकहिताचे काम करू इच्छिणाऱ्या कायदा पदवीधरांच्या फेलोशिपविषयी माहिती)
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा, पाचट आणि हुमणीवर लिहावे, वकिलीच्या भानगडीत पडू नये, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. परंतु हल्ली नोंदीच्या निमित्ताने बांधावर उभे राहिले की उसाचे बोलणे पाच मिनिटांत संपते आणि मुलांचे बोलणे सुरू होते. पूर्वी डी.एड., मग इंजिनिअरिंग आणि आता बऱ्याच घरांतून एल.एल.बी. ऐकू येते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे, त्यामुळे इंदापूर तालुक्यातल्या मुलींनाही एस.टी.ने जाऊन-येऊन कायद्याची पदवी घेण्याची सोय झाली. पदवी होते, सनदही मिळते. मग घरात एकच प्रश्न उरतो, "वकील झाली खरी, पण पैसे कधी आणणार?"

हा प्रश्न चुकीचा नाही. नव्या वकिलाचे पहिले दिवस कसे जातात हे बाहेरच्याला कळत नाही. तो एखाद्या सिनियरच्या हाताखाली बसतो, फायली उचलतो, तारखा लिहून घेतो, अर्ज टाईप करून आणतो, आणि कोर्टात उभे राहून "सिनियर येताहेत, साहेब" एवढेच सांगतो. शिकतो पुष्कळ, पण हातात पडते ते चहापाण्यापुरते. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनियर वकिलाला शहरी भागात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. सुचविले आहे, सक्ती केलेली नाही. तालुक्याच्या कोर्टातला सिनियर स्वतःच जेमतेम मिळवत असेल तर तो तरी कोठून देणार?

"मग सरळ जज्जाची परीक्षा द्यायची," असेही पुष्कळ पालक म्हणतात. तो रस्ताही आता सरळ राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निकालात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे ती तीन वर्षे काढायचीच आहेत. कशी काढायची, एवढाच प्रश्न आहे.

आपल्याला हे समजायला उसाचेच उदाहरण पुरे. जुलैत आडसाली लावली की सोळा-अठरा महिने शेतातून दमडी येत नाही. बेणे, खत, मजुरी, पाणीपट्टी सगळे आधी घालायचे. सोसायटीचे पीककर्ज नसते तर आपल्यातले पुष्कळ लोक आडसालीच्या वाटेला गेलेच नसते, महिन्या-दोन महिन्यांत पैसा देणाऱ्या मेथी-कोथिंबिरीवर राहिले असते. नव्या वकिलाचे तसेच होते. ज्याच्या घरात वडिलांपासून वकिली आहे, चेंबर आहे, तो दम धरू शकतो. बाकीचे पोर वर्षभरात कंटाळून वसुलीच्या नोटिसा, दस्तांची लिखापढी नाहीतर शहरातल्या कंपनीची नोकरी धरते. त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला गरिबांची, कैद्यांची, मजुरांची बाजू मांडायची आहे त्याचे काय? त्याच्या अशिलाकडेच पैसा नसतो. तिथे तीन वर्षे काय, दहा वर्षे थांबले तरी फी येणार नाही.

ही अडचण ओळखून जी सोय केली गेली तिचे नाव फेलोशिप. फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, बहुधा एक-दोन वर्षे, दरमहा मिळणारे मानधन. ते कर्ज नव्हे, त्यामुळे फेडायचे नाही. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी मिळते, फेलोशिप बहुधा शिकून झाल्यावर काम करण्यासाठी मिळते. देणारी संस्था सांगते की अमुक तुरुंगात, अमुक कार्यालयात किंवा संघटनेत तू पूर्णवेळ काम कर. शिकवायला जाणता वकील आम्ही देतो, खोलीभाड्याची आणि डब्याची काळजी तू करू नकोस. अमेरिकेत 'स्कॅडन' नावाच्या एका बड्या वकिली फर्मने १९८८ साली अशी फेलोशिप सुरू केली. तिकडे मुले डोक्यावर मोठे कर्ज घेऊन कायदा शिकतात आणि ते फेडण्यासाठी बड्या कंपन्यांचे वकील होतात. गरिबाकडे कोणी फिरकत नाही. म्हणून निवडलेल्या मुलांचा दोन वर्षांचा पगार त्या फर्मनेच द्यायचा आणि मुलांनी गरिबांचे काम करायचे, अशी ती व्यवस्था आहे.

आपल्याकडे ही कल्पना परकी समजू नये. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले आणि पुढे बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता मंजूर केले. ती शिष्यवृत्ती अर्थशास्त्रादी विषयांसाठी होती, वकिलीसाठी नव्हती, हे खरे. १९१६ साली बाबासाहेब लंडनला गेले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने हात दिला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले.

आता पुढचे नीट पाहावे. एवढी विद्या घेऊन आलेल्या माणसाने १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा अशिलांची रांग लागली नाही. अस्पृश्य वकिलाकडे पैसेवाला अशील येईना. १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. त्याच काळात, १९२६ साली, 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून पुण्यात अब्रूनुकसानीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टात शिक्षा झालेल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींच्या अपिलात बाबासाहेब उभे राहिले. आरोपी सुटले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे आमच्या खासगी मालकीचे आहे असा दावा स्पृश्यांनी त्यांच्यावर व सहकाऱ्यांवर लावला. तो दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला. तळे सार्वजनिक ठरले. पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी! पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण दहा वर्षे अशा दाव्यात टिकून राहणाऱ्या वकिलाचे घर कशावर चालायचे, हा विचार आपण सहसा करत नाही.

आताचे जवळचे उदाहरण येरवड्याचे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात 'प्रोजेक्ट ३९-अ' नावाचे एक केंद्र होते. गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळावी असे सांगणारे घटनेचे ३९-अ कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले, त्यावरून हे नाव. या केंद्राने २०१९ पासून पुण्याच्या येरवडा आणि नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात 'फेअर ट्रायल' म्हणजे 'न्याय्य खटला' फेलोशिपचे काम सुरू केले. तरुण वकील आणि समाजकार्य शिकलेले तरुण यांना मानधन देऊन कच्च्या कैद्यांच्या कामाला लावायचे, अशी पद्धत. पुढे ही मंडळी हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात गेली आणि 'स्क्वेअर सर्कल क्लिनिक' या नावाने काम करू लागली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प तर १९९० पासून तुरुंगांतून काम करतो आहे.

कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे तो. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्ची होती. शंभरात पंचाहत्तर. एवढी माणसे आत का राहतात? सगळ्यांनाच जामीन नाकारलेला असतो असे नव्हे. जामीन मंजूर होणे आणि जामीन देता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते आपण शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. भावकीतल्या कोणाला सोडवायचे तर आपण सातबारा, आठ-अ घेऊन कोर्टात जातो, तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणतो, जामीन राहतो आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. आता समजा, बीडकडून आलेल्या टोळीतला एक कोयत्याचा मजूर ऐन हंगामात मारामारीत अडकला. टोळी पुढच्या फडावर गेली. मुकादमाची उचल अंगावर, बायको पाचटाच्या खोपीत, गाव दीड-दोनशे किलोमीटर लांब. कोर्टाने जामीन मंजूर केला तरी पुणे जिल्ह्यात सातबारा घेऊन त्याच्यासाठी कोण उभा राहणार? हंगाम संपून टोळी गावी परतली तरी तो आतच.

फेलो म्हणून नेमलेला तरुण वकील इथे उपयोगी पडतो. तो तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटतो, खटला कोणत्या कोर्टात आहे ते शोधतो, जोडीचा समाजकार्यकर्ता घरी फोन लावतो, कागद मागवतो. जामिनाची रक्कम कमी करावी किंवा जातमुचलक्यावर सोडावे असा अर्ज कोर्टात देतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सांगितले आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम म्हणते की गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश मुदत पुरे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले अंगावर असलेले लोक यातून वगळले आहेत. कायदा चांगला आहे; पण दिवस मोजायला कोणीतरी बसावे लागते. तारीखवार कागद जुळवून "याचे दिवस भरले" म्हणून अर्ज देणे हे काम कंटाळवाणे, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे आणि फी नसलेले असते. सिनियर वकिलाला त्यासाठी वेळ नसतो.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पहिला संबंध हा की आपला ऊस तोडणारा माणूस अडचणीत सापडला तर त्याला कायद्याचा आधार असावा, हे आपल्याही हिताचे आहे. दुसरा असा की शेतकऱ्याचे प्रश्नही अशाच वकिलीने सुटतात. उजनीत जमिनी गेलेल्या इंदापूरच्या गावांना पुनर्वसनाचे कागद किती वर्षे सांभाळावे लागले हे जुन्या लोकांना विचारा. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, तोही राजू शेट्टी यांच्या याचिकेवर. (कारखान्याच्या पगारावर असलेल्या माणसाने त्या निकालावर मत देऊ नये, म्हणून देत नाही.)

आता दुसऱ्या वाटा. मुख्यमंत्री फेलोशिप राज्य शासनाने २०१५ साली सुरू केली, मध्ये खंड पडला, २०२३ ला ती पुन्हा आली. ती केवळ वकिलांसाठी नाही, कोणत्याही शाखेच्या पदवीधरासाठी आहे. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. २०२५-२६ च्या तुकडीला प्रवासखर्चासह दरमहा ६१,५०० रुपये ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली कायदा-लिपिक म्हणून संशोधनाचे काम असते. २०२५ च्या जाहिरातीत दरमहा ८० हजार रुपये होते, परीक्षा मात्र कठीण. लिपिक या शब्दाने बिचकू नये, तो कारकून नव्हे. हा अनुभव न्यायाधीशपदाच्या तीन वर्षांत धरावा असे वर सांगितलेल्या निकालातच म्हटले आहे. दिल्लीची पी.आर.एस. ही संस्था 'लॅम्प' फेलोशिपखाली तरुण पदवीधरांना खासदारांबरोबर वर्षभर कामाला लावते.

ज्यांना परदेशात एल.एल.एम. करायचे आहे त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्या पाहाव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे आणि मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी'ची, ती तर महाराजा सयाजीरावांच्याच नावाने आहे.

आणि फेलोशिप मिळाली नाही तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मार्फत २०२२ च्या योजनेप्रमाणे फौजदारी खटल्यांत गरिबांचा बचाव करणारे पूर्णवेळ वकील नेमले जातात. त्यांतले सहायक पद शून्य ते तीन वर्षे अनुभवाच्या वकिलांसाठीच आहे. करार सुरुवातीला दोन वर्षांचा, खासगी वकिली बंद. नवशिक्याला एवढे फौजदारी काम दुसरीकडे क्वचितच मिळते. मला विचाराल तर आपल्या भागातल्या मुलांनी दिल्लीच्या जाहिरातींइतकेच लक्ष पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातल्या या कार्यालयाकडे ठेवावे.

दोन-तीन खबरदारीच्या गोष्टी. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये असा वकील परिषदेचा नियम आहे. त्यामुळे फेलोशिपच्या काळात सनद चालू राहते की तात्पुरती स्थगित करावी लागते, हे अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. नाहीतर ती वर्षे वकिलीच्या हिशेबात धरताना घोटाळा होईल. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला बांधावरूनच परत पाठवावे. सनदेच्या फीचेही तेच: सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरविल्याप्रमाणे नोंदणीची फी खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येत नाही.

अर्जात बहुधा एक-दोन पानांचे निवेदन लिहावे लागते: हे काम का करायचे आहे? आपली मुले इथे अडखळतात. इंग्रजी कच्चे असते, शिवाय काय लिहावे ते सुचत नाही, मग कोणाचे तरी उतरून काढतात. तसे करू नये. सातबारा, फेरफार, पोटहिस्सा, वाटपाचा दावा, मामलेदार कोर्टातले रस्त्याचे भांडण, चारीच्या शेवटच्या टोकाला न पोचणारे पाणी हे ज्या मुलीने घरात ऐकले आहे तिला शहरातल्या मुलाहून जास्त माहीत आहे. तेच साध्या भाषेत लिहावे. शिकत असतानाच तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरांतून काम करावे आणि त्याचा दाखला घ्यावा. घरच्यांनीही एवढे करावे की मुलगी "तुरुंगात काम करणार" म्हणाली की घाबरून लग्नाची घाई करू नये.

मोफत वकील मिळण्याचा हक्क आपल्यापैकी अनेकांना आहे, तोही जाता जाता सांगतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि अटकेत असलेली व्यक्ती यांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागते. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येते.

ज्यांच्या घरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मुलगा, मुलगी किंवा सून असेल त्यांनी खोडव्याची नोंद देतानाच गट कार्यालयात नाव, कॉलेज आणि वर्ष लिहून द्यावे. जाहिराती आल्या की फलकावर लावू आणि घरी निरोपही देऊ. अर्ज ऑनलाईन असतात, तेव्हा पदवीच्या गुणपत्रिका, सनद, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि दोन प्राध्यापकांची पत्रे आधीच स्कॅन करून ठेवावीत.